उसाच्या मुलखातला ईस्टर

सण हा सुखी माणसांचा असतो, असा आपला एक समज आहे. घरात धान्य असले, अंगावर नवे वस्त्र असले आणि माणसे सुखरूप असली, म्हणजे पणती लावायला हात आपोआप पुढे होतो. परंतु इतिहास चाळीत असता मला अशीही काही माणसे भेटली, की ज्यांच्या घरी यांपैकी काहीच नव्हते आणि तरी ज्यांनी आपला सण सोडला नाही. किंबहुना त्या सणाचा अर्थ सुखवस्तू मंडळींपेक्षा त्यांनाच अधिक कळला. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या देशातल्या कॅथलिक शेतमजुरांची ही हकीकत आहे. सण आहे ईस्टर, म्हणजे क्रुसावर मेलेला ख्रिस्त तिसऱ्या दिवशी पुन्हा उठला, असे ख्रिस्ती लोक मानतात तो दिवस.

‘एल साल्वादोर’ या नावाचा अर्थच मुळी ‘तारणहार’. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी हा मुलूख जिंकला आणि येथे आपल्या देवाचे नाव रुजविले. क्षेत्रफळ अवघे २१,००० चौरस किलोमीटर; आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या जेमतेम सव्वापट. ज्वालामुखींच्या उतरणीवरची माती मात्र कॉफीला अशी मानवली, की एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या चिमुकल्या देशाचे नशीबच कॉफीने पालटून टाकले. गावोगाव सामाईक जमिनी होत्या. त्यांवर तेथले मूळचे लोक मका पिकवीत आणि पोट भरीत. १८८१ आणि १८८२ साली कायदे झाले आणि हे सामाईक हक्क रद्द झाले. जमीन हळूहळू मोजक्या घराण्यांच्या हाती गेली. लोक त्यांना ‘चौदा घराणी’ म्हणत. आकडा शब्दशः घ्यावयाचा नाही, भाव घ्यावयाचा. कालचा शेतकरी आज त्याच जमिनीवर मजूर झाला.

जानेवारी १९३२ मध्ये पश्चिम भागातील या मजुरांनी उठाव केला. तो काही दिवसांतच मोडला गेला. पण त्यानंतर लष्कराने जी कत्तल आरंभिली, तीत निदान १०,००० माणसे मेली. कित्येक अभ्यासक हा आकडा ३०,०००पर्यंत नेतात. मूळच्या लोकांचा पेहराव आणि नाहुआत भाषा हीच गुन्ह्याची खूण ठरली, तेव्हा आयांनी मुलांशी आपल्या भाषेत बोलणे सोडून दिले. मेलेल्यांपैकी बहुतेकांची नावे कोठे लिहिलेली नाहीत. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिच्याकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

अशा लोकांचा धर्म कसा असेल? तो शुभ शुक्रवारचा धर्म होता. ख्रिस्ताच्या मरणाचा तो दिवस. त्या सप्ताहात तेथील रस्त्यांवर रंगविलेला लाकडाचा भुसा आणि मीठ पसरून मोठमोठे गालिचे काढतात. आपल्याला रांगोळीचीच आठवण व्हावी. मग ख्रिस्ताची शवपेटी खांद्यावर घेतलेली मिरवणूक त्यांवरून जाते आणि तासनतास खपून काढलेली ती नक्षी पायांखाली पुसली जाते. मोठी गर्दी असते ती या मिरवणुकीला. रविवारच्या पुनरुत्थानाला तितकी नसते. यात नवल नाही. ज्याला पकडून नेले, मारले आणि दुसऱ्याच्या कबरीत ठेवले, तो ख्रिस्त या माणसांच्या ओळखीचा होता. उठलेला ख्रिस्त त्यांनी पाहिलेला नव्हता. आणि त्यांना शतकानुशतके सांगण्यात आले होते ते हेच, की सोसा. तुमचा रविवार मेल्यानंतर येईल.

हे शिकवणे बदलले ते १९६०च्या दशकात. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने कॅथलिक चर्चला जगाकडे तोंड करावयास लावले, आणि १९६८ साली कोलंबियातील मेदेयीन शहरी जमलेल्या लॅटिन अमेरिकेच्या बिशपांनी स्पष्ट म्हटले, की या खंडातील दारिद्र्य ही देवाची इच्छा नसून तो अन्याय आहे. ठराव पुष्कळ होतात आणि कपाटात राहतात. हा ठराव मात्र एका पाद्र्याने उसाच्या शेतात नेला.

त्याचे नाव रुतिलिओ ग्रांदे. जन्म १९२८ सालचा, एल पाइस्नाल या खेड्यातला. येशूसंघी धर्मगुरू होऊन ते १९७२ साली शेजारच्या आगिलारेस या गावी आले. भोवताली उसाचे मळे आणि साखर कारखाने. गळिताच्या हंगामात काम, एरवी हातावर हात. हे चित्र महाराष्ट्रातील वाचकाला समजावून सांगावयास नको. ग्रांदे आणि त्यांच्या सोबत्यांची पद्धत साधी होती. एकेका वस्तीवर पंधरा पंधरा दिवस जाऊन राहावयाचे, मजुरांच्या घरी जेवावयाचे. संध्याकाळी लोक जमले की शुभवर्तमानातील एखादा उतारा वाचावयाचा. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी पुन्हा वाचावयाचा. मग लहान लहान गट करून विचारावयाचे, तुम्हाला यात काय दिसले? पाद्रीबोवा प्रवचन करीत नसत, ऐकत असत. शेवटी वस्तीने आपल्यातूनच काही स्त्रीपुरुष निवडावयाचे आणि पुढचे काम त्यांनी चालवावयाचे. त्यांना ‘शब्दाचे प्रतिनिधी’ म्हणत.

ज्या माणसाला आजवर कोणी मत विचारले नव्हते, त्याला दर आठवड्यास मत विचारले जाऊ लागले, म्हणजे काय होते? तो मजुरीबद्दलही मत देऊ लागतो. मे १९७३ मध्ये ला काबान्या या साखर कारखान्यातील मजुरांनी कबूल केलेली वाढ मिळेना म्हणून काम थांबविले. संप पाद्र्यांनी पुकारला नव्हता. पण संपवाल्यांत शुभवर्तमान वाचणारे पुष्कळ होते. मळेवाल्यांना तेवढे पुरले. एका सहकारी धर्मगुरूला देशाबाहेर घालविण्यात आले, तेव्हा फेब्रुवारी १९७७ मध्ये आपोपा येथील सभेत ग्रांदे म्हणाले, की आज येशू आला तर त्यालाही आपल्या सरहद्दीवरच अटक होईल. पुढच्याच महिन्यात, १२ मार्च १९७७ रोजी, ते मिस्सा अर्पण करण्यास आपल्या जन्मगावी मोटारीतून निघाले असता उसाच्या शेतांमधल्या रस्त्यावर त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. सोबतचा एक वृद्ध आणि एक कोवळा मुलगाही मारला गेला.

त्या वेळी राजधानी सान साल्वादोरचे आर्चबिशप होते ऑस्कर रोमेरो. पद मिळून तीन आठवडेही झाले नव्हते. तारखात्यातील नोकराचा हा मुलगा लहानपणी सुतारकाम शिकला, पुढे रोममध्ये धर्मशास्त्र शिकला. भिडस्त, पुस्तकी, नियमांना धरून चालणारा मनुष्य. त्यांची नेमणूक झाली तेव्हा श्रीमंतांना हायसे वाटले आणि गरिबांत काम करणारे पाद्री खिन्न झाले. पण ग्रांदे त्यांचे स्नेही होते. १९७० साली रोमेरो बिशप झाले त्या समारंभाची सारी व्यवस्था ग्रांद्यांनीच पाहिली होती. त्या रात्री रोमेरो आगिलारेसला गेले. तीन प्रेते चर्चमध्ये ठेवलेली, भोवती मळ्यांतले मजूर. रोमेरोंनी मिस्सा केली आणि पहाटेपर्यंत त्यांचे म्हणणे ऐकून घेतले.

नंतर त्यांनी जे केले, ते वरवर पाहता अगदी धार्मिक स्वरूपाचे होते. मला तर त्यातच त्याचे सारे बळ दिसते. त्यांनी ठरविले, की येत्या रविवारी, २० मार्चला, साऱ्या धर्मप्रांतात एकच मिस्सा होईल. ती कॅथीड्रलपाशी होईल आणि इतर सर्व चर्चे त्या दिवशी बंद राहतील. पोपचे वकील रागावले, श्रीमंत कुटुंबे रागावली. आपल्या बंगल्याजवळच्या चर्चमध्ये मिस्सा ऐकण्याची ज्यांना सवय, त्यांना त्या दिवशी मजुरांशेजारी चौकात उभे राहावे लागणार होते. सुमारे एक लाख माणसे जमली. खुनाचा छडा लागेपर्यंत सरकारी समारंभांस जावयाचे नाही, असेही रोमेरोंनी ठरविले. जुलैमध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीलाही ते गेले नाहीत.

तीन आठवड्यांनी, १० एप्रिल १९७७ रोजी, ईस्टर आला. आर्चबिशप या नात्याने रोमेरोंनी आपले पहिले पालकीय पत्र त्याच दिवशी काढले आणि त्याला नाव दिले ‘ईस्टरचे चर्च’. मरणातून जीवनाकडे जाणे हे ख्रिस्ताच्या आयुष्यात एकदा घडून संपले नाही. चर्चने लोकांबरोबर ते रोज घडवावयाचे असते, असा त्याचा आशय. स्नेह्याचे रक्त वाळलेले नसताना ईस्टरवर लिहिणे ही शोक झाकण्याची युक्ती नव्हती. शुक्रवारात अडकून पडलेल्या लोकांना रविवारचा हक्क परत देण्याचा तो प्रयत्न होता.

पण हक्क कागदावर मिळत नाही. मे महिन्यात लष्कराने आगिलारेसला वेढा घातला, लोकांना मारले, पाद्र्यांना हाकलले आणि चर्चची छावणी करून टाकली; वेदीवरील परमप्रसादही जमिनीवर फेकला. १९ जून रोजी रोमेरो ते चर्च पुन्हा ताब्यात घ्यावयास गेले. मिस्सेनंतर परमप्रसाद हाती घेऊन चौकाला फेरी घालावयाची होती. समोर सैनिक बंदुका रोखून आडवे उभे राहिले. पुढचे लोक थबकले आणि मागे वळून पाहू लागले. मिरवणुकीच्या शेवटी चालणारे रोमेरो एवढेच म्हणाले, “पुढे चला.” लोक पुढे गेले, सैनिक बाजूला झाले. चर्चमध्ये त्यांनी त्या मजुरांना सांगितले होते, की भाल्याने भोसकलेला ख्रिस्त तो तुम्हीच. पिढ्यान्‌पिढ्या ज्या शवपेटीमागून ते चालत आले होते, त्याच ख्रिस्ताबरोबर जिवंतपणी चालण्याची वेळ त्या दिवशी त्यांच्यावर आली.

पुढील तीन वर्षांत या आशेने कोणती कामे केली, ते पाहिले पाहिजे. कारण आशा कामांवरूनच ओळखावी. पकडून नेलेल्यांच्या बाजूने उभे राहणारी कायदेविषयक मदतकचेरी चर्चच्या आसऱ्याने चालू लागली. १९७७च्या नाताळच्या सुमारास बेपत्ता मुलांच्या आयांची समिती स्थापन झाली. तिला रोमेरोंचा पाठिंबा होता. दर रविवारी चर्चच्या नभोवाणीवरून त्यांचे प्रवचन देशभर जाई. शास्त्रार्थ झाला की ते त्या आठवड्यात कोण मारले गेले, कोण नाहीसे झाले ते नावागावानिशी वाचीत. वर्तमानपत्रे जे छापीत नसत ते या वेदीवरून कळे. केंद्र बॉम्बने उडविले गेले, पुन्हा उभारले गेले. हे नाव वाचणे मला सर्वांत मोठे वाटते. १९३२ साली माणसे बेनाव मेली; आता मेलेल्याचे नाव सारा देश एकाच वेळी ऐकत होता.

यावर ‘हे राजकारण झाले’ असा आक्षेप तेव्हाही होता. त्याला उत्तर म्हणून एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. बंडखोरांनी देशाच्या परराष्ट्रमंत्र्यांना पळवून नेले आणि मे १९७७ मध्ये ठार केले, तेव्हा त्यांच्या अंत्यविधीची मिस्सा रोमेरोंनीच केली आणि हिंसेचा निषेध केला. त्याच दिवशी राजधानीत आणखी एक पाद्री मारला गेला. रोमेरोंना दोन्ही प्रेते सारखीच होती. फक्त एका बाजूची प्रेते फार अधिक होती आणि ती त्यांनी मोजून दाखविली.

२३ मार्च १९८० च्या प्रवचनात त्यांनी थेट शिपायांना आवाहन केले, की तुम्ही आपल्याच शेतकरी भावांना मारता आहात. देवाच्या आज्ञेविरुद्धचा हुकूम कोणी मानण्याचे कारण नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते कर्करोग्यांच्या इस्पितळातील लहानशा प्रार्थनामंदिरात मिस्सा करीत होते. याच इस्पितळाच्या आवारात एका साध्या घरात ते राहत. त्या दिवशीचे वाचन होते जमिनीत पडून मरणाऱ्या आणि म्हणून पीक देणाऱ्या गव्हाच्या दाण्याचे. प्रवचन संपता संपता दारातून गोळी आली. ईस्टरला तेरा दिवस उरले होते. ३० मार्चच्या अंत्ययात्रेला लोटलेल्या जनसमुदायात बॉम्ब फुटले, गोळ्या सुटल्या आणि आणखी कित्येक माणसे मेली.

येथे कथा संपवून सत्याचा विजय झाला म्हणावे, तर इतिहास तसे म्हणू देत नाही. त्यानंतर बारा वर्षे यादवी युद्ध झाले. १६ जानेवारी १९९२ च्या तहापर्यंत सुमारे ७५,००० माणसे मेली. १९९३ साली सत्यशोधन आयोगाने खुनाचे सूत्रधार नावानिशी सांगितले आणि पाचच दिवसांत सरकारने सर्वांना माफी देणारा कायदा केला. तो रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. पोप फ्रान्सिस यांनी १४ ऑक्टोबर २०१८ रोजी रोमेरोंना संत घोषित केले. जानेवारी २०२२ मध्ये ग्रांदे आणि त्यांचे दोन सोबती धन्यवादित ठरले. पण संतपदाने कोणाचा मुलगा परत येत नाही.

मग उरले काय? सान साल्वादोरच्या कुस्कातलान उद्यानात २००३ साली एक काळी पाषाणाची भिंत उभी राहिली. तिच्यावर २५,००० हून अधिक मृतांची आणि बेपत्तांची नावे कोरली आहेत. आया तेथे येतात, बोटाने नाव शोधतात, फूल ठेवतात. आणि स्मरणाच्या सभेत जेव्हा एकेक नाव पुकारले जाते, तेव्हा जमलेले सारे लोक त्या मृताच्या वतीने एका आवाजात उत्तर देतात: “हजर!” पुनरुत्थानाची शास्त्रचर्चा मला फारशी करता येणार नाही. पण ज्यांना नावाशिवाय पुरले गेले, त्यांच्या नातवंडांनी आपल्या माणसांच्या नावाला अशी ओ द्यावी, याला दुसरे कोणते नाव द्यावे ते मला सुचत नाही.