गायींची लेव्हल नाहीच मुळी!

ऑफिसात कोणी "अमुक फीचर आहे का हो?" असं विचारलं की आम्ही "नाही" म्हणून तिकीट बंद करतो. ब्लिझार्डवाल्यांनी काय केलं ते ऐका.

त्यांच्या 'डायब्लो' या पहिल्या गेममधल्या ट्रिस्ट्रम गावात गायी होत्या. क्लिक केलं की हंबरायच्या, बस्स! पण १९९७ मध्ये अफवा उठली, की गायीवर ठराविक वेळा क्लिक केलं की गुप्त लेव्हल उघडते. झालं! लोक क्लिक करत बसले. उघडणार काय, कप्पाळ? कोडमध्ये तसं काही नव्हतंच.

१९९८ मध्ये त्यांचाच 'स्टारक्राफ्ट' आला. त्यात चालू मिशन झटक्यात जिंकून देणारा चीट कोड होता, 'देअर इज नो काऊ लेव्हल'. म्हणजे, नाहीये हो बाबांनो!

आणि २००० साली 'डायब्लो टू'मध्ये ती लेव्हल चक्क निघाली! पहिल्या गेममधला विर्ट आठवतोय? लाकडी पायाचा, नुसता माल दाखवायचे पन्नास मोहरा घेणारा पोरगा. इथे त्याचं प्रेत सापडतं. गेम एकदा संपवायचा, मग विर्टचा पाय आणि टाउन पोर्टलचं पुस्तक होराड्रिक क्यूबमध्ये एकत्र करायचं. दार उघडतं आणि समोर दोन पायांवर उभ्या, हातात परशू घेतलेल्या गायींचा कळप!

गेममध्ये लपवलेले विनोद बहुतेक बनवणाऱ्यांचे असतात. हा मात्र खेळणाऱ्यांचा. त्यांची अफवा कंपनीने आधी चेष्टेवारी नेली, मग खरी करून दिली.

सोमवारी मी एक बंद केलेलं तिकीट पुन्हा उघडून बघणार आहे. असो.