आडव्या बाटलीची कुळकथा

मतपत्रिकेवर ना उमेदवाराचं नाव, ना पक्षाचं. चित्रं दोनच. एक बाटली उभी, दुसरी आडवी. उभीवर शिक्का पडला तर गावातलं दुकान चालू, आडवीवर पडला तर बंद. महाराष्ट्रात दारूच्या दुकानाबद्दल बायकांचं मतदान होतं ते असं, आणि निकाल लागल्यावर गाव एवढंच म्हणतं, ‘बाटली आडवी झाली.’

दुकान आणि गाव यांचं भांडण पाहायचं तर मावळात यावं. पुण्याहून लोणावळा लोकलने देहूरोड, बेगडेवाडी मागे टाकलं की घोरावाडी येतं आणि लगेच तळेगाव. जवळूनच जुना मुंबई-पुणे रस्ता जातो. सोमाटणे फाटा, वडगाव, कामशेत करत लोणावळ्यापर्यंत या रस्त्याने ढाबे वाढवले, परमिट रूम वाढवल्या. ‘सरकारमान्य देशी दारूचे दुकान’ ही पाटी मावळात कुणाला वाचून दाखवावी लागत नाही. त्या पाटीतला ‘सरकारमान्य’ हा शब्द सगळ्या भांडणाच्या मुळाशी आहे, कारण मान्यता सरकारने द्यायची आणि नांदायचं मात्र गावाने, हा हिशेब सव्वाशेहून अधिक वर्षं कुणाला पटलेला नाही.

इंग्रजी अमदानीत अबकारी हे सरकारचं दुभतं खातं होतं. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणं आणि विकणं सरकारी मुठीत आलं. पुण्यात दारूची दुकानं वाढली तेव्हा नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी १८८० मध्येच पत्र लिहून हरकत घेतली होती. ओरड पुढे लंडनपर्यंत गेली. पार्लमेंटातल्या केन यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी १८८९ मध्ये कॉमन्स सभेत ठराव मंजूर करून घेतला. रहिवाशांचा विरोध डावलून हिंदुस्थानात दुकानं उघडली जातात, अशी त्यात तक्रार होती. दुसऱ्या वर्षी हिंदुस्थान सरकारने स्थानिक लोकमत अजमावण्याचं तत्त्व मान्य केलं. अजमावणारा मात्र साहेबच! १९०८ साली टिळकांच्या पाठबळावर पुण्यात दारूच्या दुकानांपुढे स्वयंसेवक उभे राहिले, ते मत मोजायची दुसरी सोय नव्हती म्हणूनच.

सोय दुसरीकडे झाली होती. न्यूझीलंडने १८९३ मध्ये बायकांना मताधिकार दिला आणि त्याच वर्षी दारूच्या परवान्यांवर भागाभागाने मतदान घेण्याचा कायदा केला. १८९४ च्या मतदानात क्लुथा नावाच्या भागाने परवाने बंद करून टाकले. स्कॉटलंडमध्ये १९१३ च्या कायद्याखाली १९२० पासून असंच मतदान सुरू झालं. तिथे बंदीसाठी झालेल्या मतांपैकी ५५ टक्के मतं लागत, शिवाय ती यादीतल्या एकूण मतदारांच्या ३५ टक्के भरावी लागत. ही दुसरी अट लक्षात ठेवा, ती पुढे आपल्या दारात येणार आहे.

अमेरिकेने गावागावाचा प्रश्न एकदम देशाचा केला. १९२० मध्ये देशभर बंदी आली आणि मग प्रत्येक निवडणुकीत बाटली आडून आडून उभी राहायला लागली. १९३२ च्या एप्रिलात मॅसॅच्युसेट्स राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक झाली. अध्यक्षपदाचा उमेदवार कोण, हे पक्षाचे मतदार तिथे सुचवतात. बंदीचे उघड विरोधक अल स्मिथ यांनी रूझवेल्टना तिथे साफ हरवलं. उमेदवारी पुढे रूझवेल्टनाच मिळाली, पण जूनमध्ये शिकागोच्या अधिवेशनात पक्षाने बंदी उठवण्याचं कलम जाहीरनाम्यात घातलंच. बंदी प्रत्यक्ष उठवताना राज्याराज्यांत खास प्रतिनिधी निवडले गेले, अमुक बंदीच्या बाजूचा, तमुक विरुद्धचा. ५ डिसेंबर १९३३ ला छत्तिसावं राज्य म्हणून युटाने होकार दिला आणि प्रकरण संपलं. तिथे मतदाराला शिक्का माणसावरच मारावा लागला. खुद्द बाटली मतपत्रिकेवर आली ती आपल्याकडे.

आपल्याकडे बंदी आली ती मात्र वरून. खेर मंत्रिमंडळातले डॉ. गिल्डर यांनी १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लावली. तीन महिन्यांत मंत्रिमंडळच राजीनामा देऊन बाहेर पडलं. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाईंनी ते काम पुरं करायचं मनावर घेतलं. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि १९५० च्या एप्रिलात सगळं मुंबई राज्य कोरडं झालं, म्हणजे कागदावर झालं. गूळ आणि नवसागर यांचा खप कशासाठी वाढला हे ज्याला कळायचं त्याला कळत होतं. हातभट्टीने या बंदीच्या सावलीत जे बाळसं धरलं ते आजतागायत उतरलेलं नाही. साठच्या दशकात सरकारने गाठ सैल केली, परवाने सुटले, पण कायदा तोच राहिला. नाव तेवढं महाराष्ट्राचं लागलं. म्हणून आजही आपल्या राज्यात दारूबंदी हा नियम आहे आणि परमिट रूम हा अपवाद. पिणाऱ्याच्या खिशातही कायद्याने परवाना असायला हवा. किती जणांच्या असतो, हे विचारून कुणी संध्याकाळ बिघडवत नाही.

बायकांच्या मतदानाची रीत याच कायद्याच्या पोटातून निघाली. परवाना हा अपवाद असेल तर तो काढूनही घेता येतो, हे सूत्र धरून गावोगावच्या बायकांनी मोर्चे काढले, आणि २००८ च्या सरकारी आदेशाने गाव आणि वॉर्ड दोन्हींसाठी पद्धत पक्की झाली. आधी महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के जणींच्या सह्यांचा अर्ज द्यायचा. मग सह्यांची पडताळणी होते. ती खरी कसोटी. सही केलेल्या बाईला साहेबासमोर ‘ही माझीच’ म्हणावं लागतं, आणि त्या वेळी दुकानदाराचा एखादा भाऊबंद कोपऱ्यात उभा असतोच. पडताळणीतून अर्ज तगला तर मतदान. बाटलीची चित्रं कुणाच्या डोक्यातून निघाली याची नोंद मला कुठे दिसलेली नाही, पण वळण ओळखीचं आहे. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत निरक्षर मतदारासाठी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर त्याचं चिन्ह होतं. बैलजोडी, झोपडी यांच्याच घराण्यातली ही बाटली.

आता ती स्कॉटलंडसारखी दुसरी अट. २००८ च्या आदेशाप्रमाणे दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीच्या. समजा यादीत १००० बायका आहेत. ६०० जणी आल्या, ४८० जणींनी आडवी केली, १२० जणींनी उभी. चारास एक असा कौल, तरी बाटली उभीच, कारण ५०१ भरले नाहीत. स्कॉटलंडने ३५ टक्क्यांवर भागवलं, आपण निम्म्याच्या पुढे गेलो. घोरावाडीसारख्या पट्ट्यात हे फार जड जातं. लेक लग्न होऊन चिंचवडला गेली, नाव माहेरच्या यादीत. सून पहिल्या पाळीला कंपनीत. एखादी आजी वारलेली, पण यादीत ठणठणीत. या सगळ्या न बोलता उभ्या बाटलीला मत देतात. आमदार निवडताना गैरहजर माणूस कुणाच्याच खात्यात धरत नाहीत. ही सवलत फक्त दारूच्या दुकानाला का, याचं सरळ उत्तर मला कुठल्या सरकारी कागदात सापडलं नाही.

उलट उमेदवार माणूस असला की बाटलीवरच बंदी येते. १९९६ साली लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती झाली आणि मतदान संपण्याआधीचे ४८ तास विक्री बंद ठेवणं सक्तीचं झालं. ‘ड्राय डे’च्या आदल्या संध्याकाळी जुन्या रस्त्यावरच्या दुकानांपुढे जी रांग लागते ती पाहून परगावच्या माणसाला काही फुकट वाटतात असंच वाटेल.

मतदानाने जे साधत नाही ते एकदा कोर्टाच्या एका ओळीने साधलं होतं. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दुकानं बंद करायला सांगितली. छोट्या गावांसाठी ते अंतर पुढे २२० मीटर झालं. मग टेप घेऊन मोजणी, मागच्या बाजूने दार, रस्त्याचा दर्जा बदलण्याची धावपळ. जुलै २०१७ मध्ये शहरहद्दीतल्या रस्त्यांना मोकळीक मिळाली आणि पाट्या परत लागल्या.

जिल्ह्याची गोष्ट आली की चित्रांची मतपत्रिका छापलीच जात नाही. चंद्रपूरच्या बायका २०१० मध्ये चिमूरहून नागपूरपर्यंत चालत गेल्या, १ एप्रिल २०१५ ला जिल्ह्यात बंदी लागू झाली, आणि मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाच्या एका बैठकीत ती उठली. समितीचा अहवाल होता, महसुलाचे आणि अवैध दारूचे आकडे होते. उभी की आडवी, हे जिल्ह्यातल्या एकाही बाईला विचारलं गेलं नाही.