कुत्र्याचें पोट आणि माणसाचे उपचार



इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें लढाया, तह आणि राजवंश उभे राहतात. शाळेंत मींही आयुष्यभर तोच इतिहास शिकविला. आजचा माझा विषय त्या मानानें अगदीं घरगुती आहे. कोणाला तो कदाचित् हास्यास्पदही वाटेल. पाळलेल्या कुत्र्याचें पोट बिघडलें म्हणजे माणसानें आजवर काय काय केलें, त्याची ही हकीकत आहे. विषय निवडण्याचें कारण मात्र हास्यास्पद नाहीं.

१९८३ सालच्या पावसाळ्यांत आमच्या घरीं मोती नांवाचें चार महिन्यांचें पिलूं होतें. एके दिवशीं सकाळीं त्यानें अन्न टाकलें, दुपारीं ओकाऱ्या सुरू झाल्या आणि रात्रीं रक्तमिश्रित जुलाब होऊं लागले. पाणी प्यालें कीं तें ओकून टाकी. घरांतील वडील मंडळींनीं निर्णय दिला कीं, पाणी पोटांत जातें म्हणूनच ओकारी येते, तेव्हां पाणीच बंद करावें. पाण्याची वाटी मीं स्वतःच्या हातानें उचलून फळीवर ठेवली. पिलूं त्या फळीखालीं जाऊन बसलें. तिसऱ्या दिवशीं पहाटे तें गेलें. तो निर्णय बरोबर होता कीं चूक, हा प्रश्न मला पुढें कित्येक वर्षें छळीत राहिला. सेवानिवृत्तीनंतर पुस्तकें चाळण्यास सवड मिळाली तेव्हां त्याचें उत्तर मीं शोधूं लागलों.

प्रारंभ ग्रीकांपासून करावा लागतो. इ. स. पूर्वीं चौथ्या शतकांत ॲरिस्टॉटलनें प्राण्यांविषयीं जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यांत कुत्र्यांना जंत झाले म्हणजे तीं शेतांतलें उभें धान्य खातात, अशी नोंद आहे. पुढें रोमन पंडित प्लिनी यानेंही, कुत्रें एका विशिष्ट वनस्पतीनें आपलें पोट साफ करून घेतें, असें लिहून ठेवलें. गवत खाणारें कुत्रें पाहून ‘बिचाऱ्याचें पोट बिघडलें आहे’ असें आपणही म्हणतों. या समजुतीचें वय दोन हजार वर्षांहून अधिक आहे. परंतु कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनीं पुष्कळ मालकांकडून माहिती मागविली व २००८ सालीं प्रसिद्ध केली, तीवरून असें दिसतें कीं, गवत खाणाऱ्या बहुतेक कुत्र्यांना आधीं कांहींच झालेलें नसतें आणि नंतर ओकारी होणारींही थोडींच असतात. गवत खाणें हा त्यांचा एक स्वाभाविक छंद दिसतो. पण जनावर स्वतःच आपलें पोट रिकामें करतें, ही कल्पना एकदां रुजली, आणि मला वाटतें, तिच्यामुळें वैद्यालाही तेंच करण्याचा हुरूप आला. बिघडलेलें पोट आणखी रिकामें करावयाचें!

हा हुरूप किती दूर गेला तें पाहावयाचें असेल तर एकोणिसाव्या शतकांतील लंडनकडे वळावें. घोड्यांच्या वैद्यकाला तोंवर प्रतिष्ठा आली होती. फ्रान्समध्यें लियों येथें क्लोद बुर्जला यानें १७६१ सालीं पहिलें पशुवैद्यकीय विद्यालय काढलें होतें आणि १७९१ सालीं लंडनलाही तसें विद्यालय निघालें होतें. तथापि घोडा हें सैन्याचें आणि वाहतुकीचें धन. कुत्र्याकडे लक्ष देणारे विरळा. डेलाबीर ब्लेन या गृहस्थानें १८१७ सालीं कुत्र्यांच्या रोगांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि त्याचा एकेकाळचा सहकारी विल्यम युआट यानें १८४५ सालीं दुसरा. युआट मोठा कनवाळू मनुष्य होता. जनावरांच्या छळाविरुद्ध त्यानें कळकळीनें लिहिलें आहे. परंतु त्याच्या औषधांच्या पेटींत काय होतें? एरंडेल, बकथॉर्न नांवाच्या झुडपाचा जहाल रेचक पाक आणि अफूच्या बोंडांचा पाक यांचें मिश्रण, पाऱ्यापासून केलेलें कॅलोमेल आणि शीर तोडून रक्त काढण्याचा चाकू. जो प्राणी आधींच जुलाबांनीं कोरडा पडला आहे त्याला रेचक द्यावयाचें आणि वर त्याचें रक्त काढावयाचें! यांत दुष्टपणा मुळींच नव्हता. माणसांचे वैद्यही त्या काळीं आपल्या रोग्यांवर हेच प्रयोग करीत होते.

आपल्या मुंबईचा या हकीकतीशीं एक निराळाच संबंध आहे. पारशी लोकांच्या ‘वेंदिदाद’ या धर्मग्रंथांत कुत्र्याला फार मान आहे. त्याला घशांत अडकेल असें कठीण हाड अथवा तोंड पोळेल असें कढत अन्न देणें हें तेथें घोर पाप मानलें आहे. पिसाळलेल्या कुत्र्याचीही शुश्रूषा धर्मनिष्ठ माणसाप्रमाणेंच करावी, असें सांगितलें आहे. कुत्र्याच्या पथ्याविषयीं इतक्या प्राचीन काळीं इतकी बारीक दक्षता मला अन्यत्र आढळली नाहीं. म्हणूनच १८३२ सालच्या जून महिन्यांत सरकारच्या हुकुमानें भटकीं कुत्रीं मारण्याची मोहीम निघाली तेव्हां मुंबई कोटांत पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, मोठा दंगा झाला आणि लष्कर बोलवावें लागलें. दोनच वर्षांनीं, १८३४ सालीं, मुंबईची पांजरापोळ स्थापन झाली. पुढें सर दिनशा पेटिट यांच्या देणगींतून परळ येथें त्यांच्या पत्नी बाई साकरबाई यांच्या नांवानें जनावरांचें रुग्णालय उभें राहिलें आणि १८८६ सालीं तेथेंच मुंबईचें पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें.

योगायोग असा कीं, ज्या १८३२ सालीं मुंबईंत हा दंगा झाला, त्याच सालीं स्कॉटलंडमधील लीथ या बंदरांत माझ्या प्रश्नाचें अर्धें उत्तर सांपडलें होतें. युरोपांत तेव्हां पटकीची भयंकर सांथ चालू होती. विल्यम ओशॉनसी नांवाच्या बावीस वर्षांच्या डॉक्टरनें रोग्यांचें रक्त तपासून आदल्याच वर्षीं असें दाखविलें होतें कीं, त्यांतलें पाणी आणि क्षार निघून गेलेले असतात. (हाच ओशॉनसी पुढें कलकत्त्यास आला आणि हिंदुस्थानांत तारायंत्र आणण्यास कारण झाला.) त्याचें लिखाण वाचून टॉमस लाटा या डॉक्टरनें मरणोन्मुख रोग्यांच्या शिरेंत क्षारयुक्त पाणी सोडण्यास आरंभ केला. त्याची पहिली रोगी एक वृद्ध स्त्री होती. सुमारें सहा पाइंट पाणी शरीरांत गेल्यावर तिचे खोल गेलेले डोळे वर आले, नाडी लागली, ती बोलूं लागली. लाटा समाधानानें घरीं गेला. मागें जुलाब पुन्हां सुरू झाले, कोणी पाणी दिलें नाहीं, आणि कांहीं तासांत ती वारली. पुढल्याच वर्षीं स्वतः लाटाही मरण पावला आणि त्याची युक्ति कित्येक दशकें अडगळींत पडली. त्या म्हाताऱ्या बाईची हकीकत मीं प्रथम वाचली त्या दिवशीं पुस्तक मिटून ठेवलें. फळीवरची वाटी मला समोर दिसूं लागली.

मध्यंतरीं कुत्र्यांनीं माणसांच्या पोटासाठीं काय सोसलें याचाही उल्लेख केला पाहिजे. रशियांत पावलोव्ह यानें कुत्र्यांच्या पोटाला छिद्र पाडून पचनाचा अभ्यास केला आणि त्याबद्दल त्याला १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच्या प्रयोगशाळेंत कुत्र्यांचा जठररस बाटल्यांत भरून अपचनाच्या रोग्यांस विकला जात असे. माणसाचें पोट बिघडलें तर कुत्र्याचा रस, आणि कुत्र्याचें बिघडलें तर एरंडेल! हा व्यवहार एकतर्फीच म्हणावा लागेल.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग मिळाला तो १९६० सालीं. त्या वर्षीं प्राग येथील सभेंत रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञानें मांडलें कीं, आंतड्याच्या अस्तरांतून साखर एकटी शिरत नाहीं. ती मिठांतील सोडियमला सोबत घेऊन जाते. त्यांच्या मागोमाग पाणीही जातें. म्हणजे जुलाब चालू असतांनाही, मीठ आणि ग्लुकोज योग्य प्रमाणांत मिसळलेलें पाणी शरीर घेऊं शकतें. या ज्ञानाची खरी परीक्षा १९७१ सालीं झाली. बांगलादेशच्या युद्धांत लक्षावधि निर्वासित बंगालमध्यें आले आणि बनगांव येथील छावण्यांत पटकी पसरली. शिरेंतून देण्याचें सलाईन संपत आलें. तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं साधें मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यांत कालवून तें निर्वासितांच्या नातेवाइकांकरवींच पाजविलें. शेंकडा ३० च्या आसपास असलेलें मृत्यूंचें प्रमाण त्यांच्या देखरेखीखालीं शेंकडा ३.६ वर आलें. आज औषधांच्या दुकानांत मिळणारी ओआरएसची पुडी ती हीच. पशुवैद्यांनींही हें तत्त्व उचललें, कारण आंतड्याचा हा नियम माणसाला, वासराला आणि कुत्र्याला सारखाच लागू आहे.

आतां मोतीकडे येतों. १९७८ सालीं जगांतील अनेक देशांत कुत्र्यांची पिलें रक्ताच्या जुलाबांनीं एकाएकीं मरूं लागलीं. मांजरांच्या एका जुन्या रोगाच्या विषाणूशीं अगदीं जवळचें नातें असलेला हा नवा विषाणु होता. त्याला पार्व्होव्हायरस म्हणतात. आंतड्याच्या अस्तरांतील ज्या पेशी सतत नव्या तयार होतात त्यांनाच तो मारतो. १९८० नंतर थोड्याच काळांत तो हिंदुस्थानांतही आला. त्यावर लस निघाली होती, पण आमच्यासारख्या घरांत तिचें नांवही ठाऊक नव्हतें. आजचे पशुवैद्य माझें वर्णन ऐकून म्हणतात कीं मोतीला बहुधा तोच रोग झाला असावा. वाटी खालीं ठेवली असती तर तें वांचलें असतें असें मीं म्हणणार नाहीं. तशा पिलाला शिरेंतून सलाईन लागतें, नुसतें पाणी पुरत नाहीं. परंतु पाणी तोडणें ही चूक होती, हें आतां मला निश्चित ठाऊक आहे.

अन्नाविषयींचा निकाल तर आणखी उशिरां लागला. ओकारी थांबेपर्यंत कुत्र्याला उपाशी ठेवावें, असें पशुवैद्यही परवांपरवांपर्यंत सांगत. दक्षिण आफ्रिकेंतील संशोधकांनीं पार्व्हो झालेल्या ३० पिलांचे दोन गट केले. सलाईन दोन्ही गटांना होतें. पण एकाला जुन्या रीतीनें उपाशी ठेवलें आणि दुसऱ्याला नाकांतील नळीनें लवकरच थोडें थोडें अन्न सुरू केलें. २००३ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, अन्न मिळालेलीं पिलें लवकर सुधारलीं आणि त्यांचें वजनही वाढलें.

येथें आपल्या चरकाची आठवण येते. अतिसारांत प्रथम लंघन, पण त्यामागोमाग पेज, हा त्याचा क्रम आहे. आपण लंघन तेवढें लक्षांत ठेवलें आणि पेज विसरलों. कुत्र्याला भात कसा पचावा अशी शंका कोणी घेईल. तर २०१३ सालीं स्वीडनमधील संशोधकांनीं दाखविलें आहे कीं, पिष्ट पचविणाऱ्या पाचकरसाच्या जनुकाच्या प्रती लांडग्यांत दोनच असतात आणि कुत्र्यांत त्याहून पुष्कळ अधिक. माणसाच्या उंबऱ्याशीं राहून कुत्र्यानें आपलें पोटही बदलून घेतलें.

गेल्या दिवाळींत आमच्या राजानें—हा सहा वर्षांचा आहे—नातवाच्या हातून करंज्या आणि शेव यथेच्छ खाल्ली. दुसऱ्या दिवशीं दोनदां ओकला आणि जुलाब लागले. सूनबाई घाबरली, ‘बाबा, आपल्या घरांतली एखादी गोळी देऊं का?’ म्हणून विचारूं लागली. मीं तिला थांबविलें. माणसाच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला घातक ठरतात. डॉक्टरांना फोन केला. त्यांनीं विचारलें: रक्त पडतें का? हिरड्या ओल्या आहेत का? मानेवरची कातडी चिमटींत धरून सोडली तर लगेच खालीं बसते का? सगळें ठीक होतें. पिलूं असतें, रक्त असतें, किंवा पाणीही पोटांत ठरत नसतें, तर एक तासही न दवडतां घेऊन या म्हणाले असते. मग त्यांच्या सांगण्यावरून दर अर्ध्या तासानें थोडें थोडें पाणी दिलें. एकदम वाटीभर नाहीं, कारण तहानेनें घटाघटा प्याल्यास पुन्हां ओकारी होते. संध्याकाळपासून मऊ भात आणि त्यांत हाडें व कातडी काढलेली उकडलेली कोंबडी, मीठ नाहीं, तूप नाहीं, कांदा-लसूण तर मुळींच नाहीं (तीं कुत्र्याला विषासमान आहेत). चार-पांच वेळां, दर वेळीं मूठभर. आमच्या शाकाहारी स्वयंपाकघरांत कोंबडी उकडण्यावरून थोडा वाद झाला, तो शेजारच्या घरीं भांडें नेऊन मिटविला.

त्या रात्रीं पाणी देण्याचें काम मीं दुसऱ्या कोणाकडे सोंपविलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं शौचास घट्ट झालें. चवथ्या दिवशीं नेहमीचें अन्न थोडें थोडें मिसळण्यास आरंभ केला, आणि त्याच दुपारीं राजा पुन्हां फराळाच्या डब्यापाशीं जाऊन उभा राहिला.