मोरीचा ठेका आणि वर्ध्याचा धडा

मोठ्या संस्थेच्या स्वयंपाकघरात शेकडो माणसांचे अन्न शिजते, तेव्हा तेलातुपाचा अंश खरकट्या पाण्याबरोबर मोरीत उतरतो. निवताच तो थिजतो आणि नळाची वाट बुजवितो. म्हणून वाटेत एक कुंड बांधतात. त्यात स्निग्ध भाग वर तरंगतो, गाळ तळाशी बसतो आणि मधले पाणी पुढे वाहून जाते. हे कुंड मात्र वेळोवेळी उपसावेच लागते, आणि ते काम बहुधा ठेकेदारास दिले जाते. ठेक्याने घाण दृष्टीआड होते. पण तिजबरोबर जबाबदारीही दुसऱ्याच्या माथी जाते काय?

घाण कोणाची आणि ती काढावयाची कोणी, हा प्रश्न वर्धा जिल्ह्यात फार पूर्वी विचारला गेला. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि जमनालाल बजाज यांनी दिलेली मगनवाडी त्याचे केंद्र बनली. गांधीजी तेथे राहत असता त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या सिंदी गावातील मैला स्वतः उचलण्यास आरंभ केला. गावकऱ्यांची जुनी सवय सुटेना. तरी मीराबेन चिकाटीने काम करीत राहिल्या. १९३६ साली गांधीजी शेगावास गेले. पुढे सेवाग्राम म्हणून प्रसिद्ध झालेल्या त्या ठिकाणीही संडासांची सफाई आश्रमवासीयांकडेच होती. १९४६ पासून विनोबा पवनारहून खांद्यावर फावडे घेऊन सुरगावास सफाईसाठी जात.

या उद्योगाने गावे एकाएकी निर्मळ झाली नाहीत. परंतु विशिष्ट जातीच्या माथी मारलेले काम हे वस्तुतः सर्वांचे कर्तव्य होय, हे त्याने उघड केले.

तो धडा पुढे कायद्यातही उतरला. २०१३ च्या कायद्याने गटारे व मैल्याच्या टाक्या यांच्या धोकादायक सफाईस प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष रीतीने माणूस लावण्यास मनाई केली. ‘अप्रत्यक्ष’ या एका शब्दाने ठेक्याची पळवाट बंद केली आहे. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई १० लक्षांवरून ३० लक्ष रुपये केली.

स्वयंपाकघराच्या बंद कुंडातही मळ कुजला की विषारी वायू साठतो. तेव्हा ठेका देणाऱ्या संस्थेने केवळ दर पाहून भागत नाही. कुंड यंत्राने उपसले जाईल काय, त्यात कोणास उतरविले जाणार नाही ना, आणि काढलेला मळ कोठे नेला जाईल, हे तिने करारात लिहून घ्यावे व प्रत्यक्ष पाहावे. काम दुसऱ्यास देता येते; त्याचे उत्तरदायित्व देता येत नाही.