उंच सळई आणि ओली जमीन : अर्थिंगचा आरंभकाळ

छपरावर लोखंडी खांब उभारून त्यावर पर्जन्यमापक, वातमापक आणि तापमापक बसवले, की तो खांब जाड तारेने जमिनीशी जोडणे, म्हणजेच त्याचे अर्थिंग करणे, आज आवश्यक मानले जाते; परंतु अठराव्या शतकातील वातावरणाच्या अभ्यासकांना प्रारंभी नेमके याच्या उलट हवे होते. ढगांतील वीज तपासायची तर ती सळईवर साठली पाहिजे आणि त्यासाठी सळईचा जमिनीशी संपर्क तुटलेला असला पाहिजे, असे त्यांचे गणित होते. बेंजामिन फ्रँकलिनच्या सूचनेवरून दालिबार या अभ्यासकाने फ्रान्समधील मार्ली-ला-व्हिल येथे उभारलेली सुमारे ४० फुटांची सळई म्हणूनच मद्याच्या बाटल्यांवर टेकवली होती, कारण काचेतून वीज वाहत नाही. १० मे १७५२ रोजी ढग गडगडू लागताच एका निवृत्त सैनिकाने तिच्यातून ठिणग्या काढल्या.

विजेपासून संरक्षणाची सळई मात्र वेगळी होती. फ्रँकलिनने १७५३ सालच्या आपल्या पंचांगात घरमालकांना सांगितले, की लोखंडी सळईचे एक टोक ओल्या जमिनीत तीन-चार फूट गाडावे, दुसरे घराच्या सर्वांत उंच भागापेक्षा सहा ते आठ फूट वर ठेवावे आणि त्याला विणकामाच्या सुईएवढी अणकुचीदार पितळी तार जोडावी. ओल्या मातीचा आग्रह सकारण होता, कारण कोरड्या मातीपेक्षा तिचा विद्युतरोध कमी असतो.

या दोन रचनांतील अंतर किती घातक ठरू शकते, हे ६ ऑगस्ट १७५३ रोजी सेंट पीटर्सबर्गमध्ये दिसले. गेओर्ग रिखमान या अभ्यासकाने छपरावरील सळईची जोडणी घरात आणून तिच्याशी एक मापक लावला होता. सळईवर वीज साठली की त्यातील तागाचा दोरा धातूच्या पट्टीपासून दूर सरके आणि किती अंश सरकला ते अंशपट्टीवर वाचता येई. जमिनीकडे जाणारी वाट या यंत्राला नव्हती. वादळात रिखमान ते पाहण्यासाठी फूटभर अंतरावर वाकला असता विजेचा लोळ त्याच्या कपाळावर आला आणि तो जागीच मरण पावला. शेजारी उभा असलेला कोरीवकाम करणारा सोकोलोव्ह खाली कोसळला, पण वाचला.

फ्रँकलिनने १७५२ च्या सप्टेंबरातच आपल्या फिलाडेल्फियातील घरी निरीक्षण आणि संरक्षण या दोन्ही गरजांची सांगड घातली होती : जिन्यातून उतरणारी तार मध्ये सुमारे सहा इंच तोडून त्याने दोन्ही टोकांना वीज आल्याचे कळवणाऱ्या घंटा लावल्या, तर खालचे टोक पंपाच्या लोखंडाला जोडून जमिनीपर्यंत नेले.

आजच्या हवामानयंत्राला ढगांतील वीज साठवायची नसल्यामुळे खांब जमिनीपासून तोडण्याचे कारण उरलेले नाही. अर्थिंगमुळे वीज पडणे टळत नाही, पण ती कोणत्या वाटेने जाईल हे बऱ्याच अंशी ठरते. म्हणून खांबाची तार शक्य तितकी सरळ खाली नेऊन घराच्या मुख्य अर्थिंगशीही जोडतात, अन्यथा दोन अर्थिंगमधील विद्युतदाबाच्या फरकामुळे तीच वीज यंत्राच्या केबलमधून घरात शिरू शकते.