'गो'चं 'वेंट' का होतं?

इंग्रजीच्या आपल्या शिकवणीत मागच्या काही भागांत आपण आज काय करतो, रोज काय करतो, ते बोलायला शिकलो. आता गाडी कालवर आली आहे. काल काय झालं, परवा कोण आलं, गेल्या वर्षी पाऊस कसा होता, हे इंग्रजीत सांगायचं. म्हणजे साधा भूतकाळ. आणि इथंच आपल्यातल्या निम्म्या जणी वही मिटून ठेवतात, हे आम्हांला तुमच्या चिठ्ठ्यांवरून कळतं. सगळ्या चिठ्ठ्यांचा सूर एकच असतो. 'वॉक'चं 'वॉक्ट' होतं हे समजलं, पण मग 'गो'चं 'वेंट' का? 'बाय'चं 'बॉट' का? 'शट'चं 'शट'च का राहतं? एक नियम धरून का चालत नाही ही भाषा?

प्रश्न रास्त आहे. म्हणून आज पाठांतर बाजूला ठेवून आम्ही तुम्हांला या भूतकाळाचाच भूतकाळ सांगणार आहोत.

साधारण दीड हजार वर्षांपूर्वी आजच्या उत्तर जर्मनी आणि डेन्मार्कच्या किनाऱ्यावरून काही टोळ्या समुद्र ओलांडून ब्रिटनच्या बेटावर उतरल्या. अँगल आणि सॅक्सन ही त्यांतली मोठी नावं. त्यांची बोली म्हणजे जुनी इंग्रजी. झालेली गोष्ट सांगायच्या तिच्याजवळ दोन रीती होत्या. एक रीत फार प्राचीन. शब्दाच्या पोटातला स्वर बदलायचा. 'सिंग'चं 'सँग', 'ड्रिंक'चं 'ड्रँक', 'कम'चं 'केम'. अशी क्रियापदं तेव्हा तीनशेच्या वर होती. दुसरी रीत त्यामानानं नवी. शब्दाला हात लावायचा नाही, शेवटी 'ड' किंवा 'ट' जोडायचा. आज आपण 'ईडी' लावतो ती हीच.

मग १०६६ साल आलं. फ्रान्सच्या नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याने इंग्लंड जिंकलं आणि दरबाराची, कोर्टाची भाषा फ्रेंच झाली. पुढच्या दोन-तीनशे वर्षांत फ्रेंचमधून शेकडो क्रियापदं इंग्रजीत आली. पाहुण्या शब्दांच्या पोटातला स्वर कसा बदलायचा, हे कोणाला ठाऊक असणार? त्यांना सरसकट 'ईडी' लागलं. हळूहळू घरचे जुने शब्दही त्या वळणाला गेले. 'हेल्प'चा भूतकाळ एके काळी 'होल्प' होता, त्याचा 'हेल्प्ट' झाला. 'क्लाइंब'चा 'क्लोम' होता, त्याचा 'क्लाइंब्ड' झाला.

मग सगळेच शब्द नव्या रीतीत का गेले नाहीत? याचं उत्तर आपल्या शेतातल्या पायवाटेत आहे. जिच्यावरून रोज दहा माणसं जातात ती वाट मोडत नाही. जिथून वर्षातून एकदा कोणी जातं तिच्यावर गवत उगवतं. जी क्रियापदं माणसाच्या तोंडी दिवसातून पन्नास वेळा येत होती, त्यांची जुनी रूपं आईकडून मुलीकडे तशीच पोचली. जी क्वचित येत होती, त्यांची जुनी रूपं लोक विसरले आणि त्यांना सोयीचं 'ईडी' लावून मोकळे झाले. आज इंग्रजीत सर्वांत जास्त वापरली जाणारी दहा क्रियापदं घेतली, तर दहाच्या दहा अनियमित निघतात. असणे, जवळ असणे, करणे, म्हणणे, बनवणे, जाणे, घेणे, येणे, पाहणे, मिळणे. घरातली रोजची भांडी जशी सगळ्यांत जुनी आणि पोचे आलेली असतात, तसंच हे.

आता 'बॉट'कडे या. त्याच्या स्पेलिंगमध्ये 'जी' आणि 'एच' ही दोन मुकी अक्षरं बसलेली असतात. ती पूर्वी मुकी नव्हती. तिथं आपल्या 'ख'च्या जवळचा, घशातून घासत येणारा उच्चार होता. उच्चार गेला, अक्षरं राहिली. 'नाइट' आणि 'लाइट'मधली अक्षरंही त्यातलीच. आणि 'शट'चं 'शट' का राहिलं? शब्दाच्या शेवटी आधीच 'ट' होता, त्यात भूतकाळाचा 'ट' मिसळला. त्यामागचा स्वर झिजून गेल्यावर दोन्ही रूपं ऐकायला एकच झाली. 'सेट'चंही तेच झालं.

'ईडी'तला 'ई'सुद्धा पूर्वी सगळीकडे ऐकू यायचा. शेक्सपिअरच्या काळात दोन्ही उच्चार चालत होते. पुढे बोलताना तो गळत गेला, तेव्हा जोनाथन स्विफ्ट या मोठ्या लेखकाने १७१२ साली जाहीर तक्रार केली की, लोक शब्द आखडून भाषा बिघडवत आहेत. लोकांनी ऐकलं नाही. आज 'ईडी'चे तीन उच्चार उरले आहेत, ते कानाने धरा. शब्दाच्या शेवटी 'क', 'प', 'श', 'स' असा आवाज असेल तर 'ट' लागतो. कुक्ट, वॉश्ट. शेवटी 'ल', 'न' असा आवाज किंवा स्वर असेल तर 'ड' लागतो. कॉल्ड, क्लीन्ड. आणि शेवटी आधीच 'ट' किंवा 'ड' असेल तर 'इड' म्हणावं लागतं, नाहीतर तो ऐकूच येणार नाही. वेटिड, नीडिड. 'वॉशेड', 'कुकेड' म्हणायचं नाही.

आता 'वेंट'. 'गो'चा जुना भूतकाळ निराळाच शब्द होता आणि तो पंधराव्या शतकापर्यंत मागे पडला. त्याच्या जागी शेजारच्या शब्दाचं रूप आलं. 'वेंड' म्हणजे वळणं, वाट धरणं. त्याचा भूतकाळ 'वेंट'. 'गो'ने तो दत्तक घेतला.

हे ऐकून हसू नका, कारण आपल्या घरातही हेच झालेलं आहे. 'मी जाते' म्हणतो आणि 'मी गेले' म्हणतो. 'जा'मधला 'ग' कुठून आला? 'जाणे' हे संस्कृतातल्या 'या' धातूवरून आलं आणि 'गेले' हे 'गत' या शब्दावरून. दोन वेगळ्या मुळांची रूपं एका संसारात नांदतात. 'कृत'वरून 'केलं', 'मृत'वरून 'मेलं'. ज्ञानेश्वरी १२९० सालची मानतात. या रूपांची परंपरा आपल्याकडे तेव्हापासूनची आहे. 'करलं', 'जाली' असं आपण कधी म्हणत नाही आणि त्याचा नियमही कोणी आपल्याला पाठ करायला लावला नाही. ज्या बाईने एवढी वाकडीतिकडी मराठी रूपं न अडखळता आयुष्यभर वापरली, तिला इंग्रजीची दीडशे-दोनशे रूपं जड नाहीत. तिला फक्त ती पुरेशा वेळा बोलायला मिळाली पाहिजेत.

एका बाबतीत मात्र दोन्ही भाषांची चाल वेगळी आहे. मराठीत आपण म्हणतो, मी पोळी केली, मी भात केला, मी वरण केलं. करणारी एकच, पण क्रियापद पोळीकडे, भाताकडे, वरणाकडे बघून बदलतं. याचं कारण पुन्हा इतिहासातच आहे. या वाक्याचं मूळ 'माझ्याकडून पोळी केली गेली' अशा घडणीचं आहे. 'तिनं केली'मधला 'नं' त्याचीच खूण. इंग्रजीत असं नाही. 'आय मेड' म्हटलं की पोळी असो, भात असो, क्रियापद हलत नाही. ते बाई-पुरुषही पाहत नाही. 'मी गेले' आणि 'मी गेलो', दोन्हींना 'आय वेंट'च. फक्त 'असणे' हे क्रियापद माणूस बघतं. आय वॉज, शी वॉज, पण वी वेअर, यू वेअर, दे वेअर.

आणि 'डिड'. 'डिड यू वेंट?' असं म्हणायचा मोह प्रत्येकीला होतो. चारशे-पाचशे वर्षांपूर्वीची इंग्रजी 'केम शी?' असा उलटा शब्दक्रम करून प्रश्न विचारत असे आणि 'शी केम नॉट' असा नकार देत असे. मग 'डू' हा मदतनीस आला आणि प्रश्न व नकार दोन्ही त्याने उचलले. भूतकाळाची घागर 'डिड'च्या डोक्यावर गेली की दुसऱ्या क्रियापदाने ती पुन्हा उचलायची नाही. 'डिड शी कम?' 'शी डिड नॉट कम.' दुसरं क्रियापद रिकाम्या हाताने चालतं. 'वॉज' आणि 'वेअर' यांना मात्र हा मदतनीस लागत नाही.

इथवर भाषेचा इतिहास झाला. आता आपला. इंग्रजी शिका, हा आग्रह सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ सालच्या 'काव्यफुले'मध्ये धरला होता. पुढे रमाबाई रानडे १८७३ साली, अकराव्या वर्षी लग्न होऊन सासरी आल्या, तेव्हा त्यांना मराठी अक्षरओळखही नव्हती. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे सोसत त्या आधी मराठी आणि मग इंग्रजी शिकल्या.

आनंदीबाई जोशी यांनी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजात भाषण केलं. अठरावं वर्षही पुरं झालं नव्हतं. आपण अमेरिकेला का जातो, हे त्यांनी भरल्या सभेत इंग्रजीत सांगितलं. रस्त्याने चालताना लोकांनी आपल्याला कसं वागवलं, तेही सांगितलं. त्यांच्या वतीने बोलायला दुसरं कोणी उभं राहिलं नाही. एप्रिलमध्ये त्या बोटीत बसल्या आणि मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या.

त्या पदवीदानाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून गेल्या होत्या. त्यांची वाट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १८८२ साली शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. मुलींना शिक्षिका हव्यात, बायकांसाठी बाई डॉक्टर हव्यात, असं ठणकावलं. पण ती साक्ष मराठीत होती. तिचं इंग्रजी दुसऱ्याने केलं, तेव्हा ती पुढे पोचली. त्यानंतर पाच वर्षांनी, १८८७ मध्ये, त्यांचं स्वतःचं इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियात छापून आलं. 'द हाय-कास्ट हिंदू वुमन'. विधवांचे हाल त्यांनी आपल्या शब्दांत मांडले. त्यातून लोकांनी मदत उभी केली आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. पाच वर्षांपूर्वी ज्यांचं म्हणणं दुसऱ्याने इंग्रजीत नेलं, त्यांनी ते आता स्वतः नेलं.

आम्ही भूतकाळावर एवढा जोर देतो तो यासाठी. 'माझं नाव अमुक, मी तमुक गावची' एवढं वर्तमानकाळात भागतं. पण विमा कंपनीचा माणूस फोनवर 'व्हॉट हॅपन्ड?' विचारतो, तेव्हा उत्तर भूतकाळातच द्यावं लागतं. परराज्यातल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई विचारतात, ताप कधी आला, गोळी कोणती घेतली. मुलाखतीत विचारतात, याआधी काय काम केलंत. तिथं आपल्याला सांगता आलं नाही, तर नवरा, दीर किंवा शेजारचा मुलगा आपल्या वतीने सांगतो. आणि तो त्याच्या समजुतीप्रमाणे सांगतो. कुठं दुखलं, कधी दुखलं, हे ज्याला दुखलं नाही त्याने सांगितलं तर चूक व्हायचीच.

राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं. त्याआधी शाळा सोडलेल्या आपल्यापैकी पुष्कळ जणींना ही भाषा पाचवीत भेटली आणि थोड्याच वर्षांत तुटली. म्हणून सराव सोपा ठेवू. मघाची दहा क्रियापदं भूतकाळात अशी होतात. वॉज आणि वेअर, हॅड, डिड, सेड, मेड, वेंट, टुक, केम, सॉ, गॉट. 'सेड' म्हणा, 'सेईड' नको. ती चुलीजवळ किंवा ओट्यापाशी कागदावर लिहून चिकटवा.

रात्री भांडी आवरली की दिवसभराची पाच वाक्यं मोठ्याने बोला. 'आय वोक अप ॲट फाइव्ह. आय मेड टी. आय वेंट टू द मार्केट. आय बॉट अनियन्स. माय सिस्टर डिड नॉट कम.' घरात शाळकरी मूल असेल तर त्याला प्रश्न विचारायला सांगा. 'डिड यू कुक राइस?' आणि तुम्ही पूर्ण वाक्यात उत्तर द्या, नुसतं 'येस' नको. आठ दिवस रोजची पाच धरली तर चाळीस वाक्यं होतात. नवव्या दिवशी पाचांच्या जागी एकच गोष्ट सांगा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. लग्नातली, बाजारातली, पुरातली, जी तुमच्यावर गुजरली ती. ती लिहून पाठवाल तर पुढच्या भागात वाचू, नाव सांगायचं की नाही ते तुम्ही कळवा.