उपयोजित गणितातील डॉक्टरेट : अटी आणि कसोटी

पीएच.डी. करू इच्छिणारे आपल्या महाविद्यालयांतील अध्यापक प्रथम नियमावली उघडतात. ते योग्यच आहे. परंतु अटी काळानुसार बदलत आल्या आहेत. पदवीची मूळ कसोटी मात्र फारशी बदललेली नाही. गणिताच्या इतिहासातील एक उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे.

सोफिया कोवालेव्स्काया ही रशियन विदुषी 1870 मध्ये बर्लिनला आली. स्त्री असल्याने तिला विद्यापीठातील व्याख्यानांना बसण्याची परवानगी मिळाली नाही. कार्ल वायरश्ट्रास यांनी तिला चार वर्षे खासगीरीत्या शिकवले. 1874 मध्ये ग्योटिंगेन विद्यापीठाकडे तिचे तीन निबंध सादर झाले. पहिले दोन आंशिक अवकल समीकरणे व आबेलीय समाकल यांवर होते. तिसरा उपयोजित गणितातला होता. शनीचे कडे द्रवरूप मानून लाप्लास यांनी त्याचा छेद लंबवर्तुळाकार धरला होता. अधिक सूक्ष्म गणन केल्यास तो अंडाकृती ठरतो, असे तिने दाखवले. विद्यापीठाने मौखिक परीक्षेतून सूट देऊन तिला सर्वोच्च श्रेणीत डॉक्टरेट दिली. शनीवरील निबंध छापून आला तो 1885 मध्ये. वर्गातील हजेरी, मौखिक परीक्षा यांची उणीव तिच्या कामाने भरून काढली.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमावलीने किमान एका सत्राचा अभ्यासक्रम सक्तीचा केला आणि प्रबंधापूर्वी एक शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची अट घातली. 2016 मध्ये तिच्या जोडीला परिषदांतील दोन सादरीकरणे आली. 2022 च्या नियमावलीत या दोन्ही अटी उरल्या नाहीत. किमान 12 श्रेयांकांचा अभ्यासक्रम, किमान दोन बाह्य परीक्षकांकडून प्रबंधाचे मूल्यमापन आणि मौखिक परीक्षा मात्र तीत आहेत.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. केवळ अट पुरी करण्यासाठी लिहिलेला निबंध ती अट गेल्यावर निरुपयोगी ठरतो. प्रत्यक्षातील प्रश्नाला गणिती रूप देणे, गृहीतके उघड मांडणे, नवे उत्तर सिद्ध करणे आणि ते मूळ प्रश्नाशी ताडून पाहणे, हे काम कोणत्याही नियमावलीत टिकते. अध्यापनाचा भार सांभाळून संशोधन करणाऱ्यांनी म्हणूनच अर्जाआधी प्रश्न निश्चित करावा.

पदवीने सर्व दारे उघडतात, असेही नाही. कोवालेव्स्काया यांना प्राध्यापकपद मिळायला आणखी दहा वर्षे लागली; ते 1884 मध्ये स्टॉकहोमला मिळाले.